अब्बांचं ‘जमलं’

अब्बांनी सोमनाथला ‘जमलं’ म्हटलं त्या दिवशी मी गावातच नव्हतो, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. खरं तर मी तिथंच होतो. ज्या पाईपाला ते ‘जमलं’ म्हणाले, त्याचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

माझे अब्बा, युसूफ मिस्त्री, आमच्या युसूफ वडगावात चाळीस वर्षं नळ जोडत आलेत. गावाचं नाव त्यांच्यावरून पडलेलं नाही, गाव त्यांच्या आधीपासून आहे. पण परगावचं कुणी “तुमच्याच नावाचं का हो गाव?” असं विचारलं की अब्बा चहाचा घोट घेतात आणि विषय बदलतात.

जोड तपासायची त्यांची एक पद्धत आहे. पाणी सोडलं की ते सदऱ्याच्या खिशातून पुडी काढतात आणि जोडावर चिमूटभर ज्वारीचं पीठ भुरभुरतात. मग खाली बसून चहा पितात. पूर्ण कप, बशीत ओतून, पाहुण्यासारखा. कप संपला की उठून पीठ बघतात. ओल आली असेल तर म्हणतात, ‘गळतंय’. कोरडं असेल तर काहीच म्हणत नाहीत, पुढच्या जोडाकडे जातात. पण कधीतरी, फार म्हणजे फारच कधीतरी, ते कोरड्या पिठावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, ‘जमलं’.

नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. माझं पीठ शेकडो वेळा कोरडं राहिलं. ‘जमलं’ एकदाही आलं नाही. एकदा आल्यासारखं वाटलं होतं, पण ते फोनवर बोलत होते.

आणि सोमनाथला ते दीड वर्षात मिळालं.

सोमनाथ हा बंकट धनगराचा मुलगा. दीड वर्षापूर्वीपर्यंत साठ मेंढ्यांच्या मागं फिरायचा. मग तालुक्याला प्लास्टिक पाईप जोडायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं, त्याला गेला. परत आला तेव्हा डोक्यावर निळी टोपी, खांद्याला पिशवी आणि हातात फोटोवालं प्रमाणपत्र. मेंढ्या वडलांच्या हवाली केल्या आणि अब्बांच्या हाताखाली आला. एक मात्र राहीना. ती सोमनाथशिवाय चरेना, म्हणून तो तिला कामावर घेऊन येतो. तिचं नाव मॅडम. प्रशिक्षणाला शिकवायला ज्या मॅडम होत्या त्यांच्या आदरापोटी हे नाव ठेवलं, असं सोमनाथ सांगतो. त्या मॅडमना हे कळवलेलं नाही.

आमचं काम लोखंडाचं. पाईप शिकंज्यात धरायचा, तेल सोडत सोडत त्याला आटे पाडायचे, आट्यांवर सुतळी गुंडाळायची, फटी बुजवायला सफेदा लावायचा आणि मग पान्याला लटकायचं. अख्ख्या अंगानं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे, हे शिंप्यानं मोजून सांगितलंय. सोमनाथचं काम म्हणजे करवतीनं पाईप कापायचा, टोकाला सोल्युशन लावायचं, दुसऱ्यात सारायचा आणि तीस आकडे मोजायचे. तो मोजत नाही. शिट्टी वाजवतो, तेवढ्यात तीस होतात.

बघता बघता गाव प्लास्टिकचं झालं. गार पाण्याला पांढरा पाईप, गरम पाण्याला बदामी. वडगावात नळाला गरम पाणी फक्त एप्रिल-मेमध्ये येतं, तेही सगळ्याच नळांना, पण बदामी रंग भिंतीला शोभतो म्हणून लोक तोही टाकून घेतात. संडासाला चार इंची करडा, आणि त्याच्यामागं हवा जायला एक उभा पाईप, वर जाळीची टोपी. आता घराघरामागं असे खांब उभे आहेत. माळावरून बघितलं तर गाव बंदरासारखं दिसतं. फक्त पाणी नाही.

तर, मशिदीच्या वजूखान्याचे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायच्या जागेचे, अकरा नळ बदलायचे होते. लोखंडी पाईप गंजून आतून बंद झाले होते. ते पाईप अब्बांनीच बसवलेले, मी जन्मलो त्या वर्षी. नवे सोमनाथनं बसवले. मी टोक धरलं. मॅडम बाहेर फाटकापाशी उभी. अब्बांनी अकराही जोडांवर पीठ टाकलं, चहा घेतला, उठले, सगळे बघितले, आणि अकराव्यावर बोट फिरवून म्हणाले, “जमलं.”

सोमनाथ म्हणाला, “बरं, चाचा,” आणि पिशवी आवरायला लागला. त्याला कळलंच नाही आपल्याला काय मिळालं ते. हा तर कळसच होता.

घरीही तेच. अम्मीनं ईदच्या शेवया वाळवायला सोमनाथकडून पाऊण इंची पाईपांचा स्टँड करून घेतला. येईल त्या बाईला ती तो एका बोटानं उचलून दाखवायची.

“बघ गं, एका बोटानं!”

मी करून दिलेला लोखंडी स्टँड मागच्या अंगणात होता. मजबूत होता. हलवायला चार माणसं लागायची, म्हणून तो बनवला तिथंच उभा होता. त्यावर कोंबड्या बसायच्या.

त्यात भगवानरावांनी घर बांधलं. भगवानराव साखर कारखान्यातून रिटायर होऊन गावी आलेले, माणूस चांगला, आवाज मोठा. गच्चीवर टाकी, खाली स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, सगळी लाईन प्लास्टिकची. आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, “युसूफभाई, मला सोमनाथ मिस्त्री पाहिजेत. तुमी देखरेखीला या. अन् याला बी आणा.”

‘याला’ म्हणजे मला. मी मिस्त्रीचा पोरगा. सोमनाथ दीड वर्षात मिस्त्री.

अब्बांनी काम वाटून दिलं. स्वयंपाकघर माझं, न्हाणी-संडास सोमनाथचं. “माझे गुडघे आता बसायला लागले की उठायचं नाव घेत न्हाईत,” ते म्हणाले. “हे शेवटचं काम. पुढं गावाचं पाणी तुमी बघायचं.” ‘तुमी’ म्हणताना ते नेमके आमच्या दोघांच्या मधे बघत होते. तिथं मॅडम उभी होती.

गुरुवारी वास्तुशांत. बुधवारी तपासणी. भिंतींचा गिलावा व्हायचा होता, पाईप उघडेच होते, पण मुहूर्ताला त्याचं काय. लाईट गेल्यामुळं टाकी अर्धीच भरली होती. अब्बांनी जोडाजोडावर पीठ टाकलं आणि चहाला बसले. कप संपवून उठले तर पीठच नाही.

“पीठ कुठं गेलं?”

मॅडम जीभ फिरवत होती.

पुन्हा पीठ, पुन्हा चहा. दुसऱ्यांदा मॅडम मागच्या दारानं आली. तिसऱ्यांदा तिला बाहेर बांधली. तोवर अब्बांचे तीन कप झाले होते आणि उज्ज्वलावहिनी, म्हणजे भगवानरावांची सून, दूध संपल्याचं सांगून गेली होती.

माझं स्वयंपाकघर कोरडं निघालं. अब्बा काहीच न बोलता पुढं गेले. न्हाणीही कोरडी. मी दारातून बघत होतो. अब्बा वाकले. चष्मा वर केला. त्यांचं बोट हळूच उठलं आणि पिठाकडं निघालं. मी ते बोट नऊ वर्षं ओळखतो.

तेवढ्यात भगवानराव ओरडले, “चला रे, भाकरी गार व्हायलीय!”

बोट थांबलं. “रातीतून टाकी पुरी भरू दे,” अब्बा म्हणाले. “उद्या बघू.”

म्हणजे सोमनाथचं दुसरं ‘जमलं’ निघालं होतं, वाटेत होतं, सकाळी पोचणार होतं.

“व्हा तुमी पुढं,” मी म्हणालो, “मी हात धुऊन येतो.”

हात धुवायला मी अठरा इंची पाना घेऊन गेलो.

मी त्याचं काम बघितलं. खालच्या कोपऱ्यात पांढरा एल्बो, म्हणजे वाकडा जोड, त्यात आट्यांचा एक पांढरा तुकडा बसवलेला, पुढं पितळी तोटी. दोन आटे बाहेर दिसत होते. दोन! लोखंडात दोन आटे बाहेर राहिले तर आमच्या घरात त्या दिवशी जेवायला वाढत नाहीत. मी मनाशी म्हणालो, आमेर, तू त्याला मदतच करतोयस. पाना लावला. अर्धा आटा आवळला. मग आणखी अर्धा. मग, इतकं केलंच आहे म्हणून, आणखी अर्धा.

टक.

बारीकच आवाज, कुणी नख मोडावं तसा. लोखंड आवळलं की कुरकुरतं, ओरडतं, बस म्हणून सांगतं. प्लास्टिक काहीच सांगत नाही. हसतमुखानं सहन करत राहतं, अगदी सोमनाथसारखं, आणि मग एकदम टक. मी वाकून बघितलं. केसाएवढी रेघ. पाणी नाही आलं. मी हात धुतले आणि जेवायला सोमनाथच्या शेजारी बसलो. तीन भाकरी खाल्ल्या. त्याच्या ताटातली लसणाची चटणी मागून घेतली.

गुरुवारी सकाळी टाकी काठोकाठ होती. न्हाणीच्या भिंतीपलीकडं देवघर. भगवानराव सोवळं नेसून पाटावर बसले, भटजींनी तांब्या भरला, आणि भिंतीतून आणखी एक धार आली. आधी बारीक. मग केसाएवढी रेघ बोटाएवढी झाली. पाट भिजला, तांदूळ भिजले, भगवानराव कमरेपर्यंत भिजले.

“काय बे सोमनाथ!” ते उठून ओरडले. “आता पूजा काय न्हाणीत मांडू का?”

सोमनाथ धावत जाऊन वरचा कॉक बंद करून आला. अब्बा न्हाणीत गेले. पीठ टाकायची गरज नव्हती, पण त्यांनी टाकलं. ते वाहून गेलं.

“गळतंय,” ते म्हणाले.

दीड वर्ष मी याच शब्दाची वाट बघत होतो. मला वाटलं होतं आत काहीतरी वाजेल, हलगी वगैरे. काहीच वाजलं नाही. सोमनाथनं टोपी काढली. ती काढल्यावर त्याचं डोकं फार लहान दिसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

“चाचा, मी हातानंच आवळलं हुतं,” तो म्हणाला. “काय चुकलं तेच कळंना.”

दुपारी बंकटमामा आमच्या गल्लीतून मेंढ्या घेऊन चालले होते. मधोमध मॅडम. मॅडमच्या डोक्यावर निळी टोपी.

“मामा, हे काय?”

“सोमनाथनं घातली तिला,” बंकटमामा म्हणाले. “म्हणला, हिलाच शोभती. उद्या मेंढरं घेऊन आमी चरायला खाली चाललाव, चार-सा महिने. त्यो बी संगं येतुय. पाईपाला पुन्यांदा हात लावणार न्हाई म्हणतुय. त्याची माय रतनबाई कालवर समद्या गावाला प्रमाणपत्र दाखवत हुती, आज तिनं ते पीठ चाळताना खाली अंथरलं.”

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. टोपीखालून.

घरी आलो तर अब्बा ओट्यावर बसले होते. समोर फडक्यावर तो चिरलेला एल्बो आणि तो आट्यांचा तुकडा. पांढऱ्या प्लास्टिकवर पान्याच्या दातांचे ठसे उठले होते. एक, दोन, मग एक जागा मोकळी, मग चार, पाच, सहा. अब्बांनी शेजारी माझा अठरा इंची पाना ठेवला. त्याचा तिसरा दात नाही. मागच्या वर्षी तो माझ्या हातून विहिरीच्या कठड्यावर पडला होता.

लोखंडावर ठसे उठले तरी ते कुणी मोजत नाही. नऊ वर्षांत मला हा विचार करायची पाळीच आली नव्हती.

अम्मीनं चहा आणून ठेवला. त्यांनी तो बशीत ओतला. एकेक घोट घेत राहिले. मी समोर उभा. तिसऱ्या घोटाला माझ्या लक्षात आलं की हा साधा चहा नाही. माझ्यावर पीठ टाकलेलं आहे.

कप संपला. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं.

“गळतंय,” ते म्हणाले.

मी पायाकडं बघत राहिलो.

“कावून केलंस?”

“तुमी त्याला जमलं म्हणालात.”

“मग?”

“मला कधीच न्हाई म्हणालात. नऊ वर्षं झाली.”

अब्बांच्या चेहऱ्यावर खरंच आश्चर्य होतं. “अरे, तुझं तर रोजच जमतंय. रोज जमतंय त्याला रोज काय म्हणायचं? तुझ्या अम्मीच्या भाकरीला म्हणतो का मी कधी जमलं?”

आतून अम्मीचा आवाज आला, “न्हाई म्हणत. बत्तीस वर्षं झाली.”

अब्बांनी रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

“आधी त्याला जाऊन सांग,” बशीमागून ते म्हणाले.

सोमनाथ ओढ्याच्या कडेला मेंढ्यांना पाणी पाजत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“तुझा जोड मी आवळला. काल. पान्यानं.”

त्यानं मान वर केली. मग म्हणाला, “किती?”

“दीड आटा.”

“दीड!” तो उठलाच. “प्लास्टिकला दीड आटा? अरे, माणूस हायस का ट्रॅक्टर?”

“दोन आटे बाहेर दिसत होते.”

“दिसणारच! ते तसंच ठिवत्यात! पहिल्याच दिवशी शिकिवलंय मॅडमनं!” मॅडमनं नाव ऐकून मान वर केली. “अन् काल तू माज्या मांडीला मांडी लावून बसलास. माजी चटणी मागून खाल्लीस बे!”

“चटणी चांगली होती.”

“कावून केलंस पण असलं?”

मी त्याला ‘जमलं’चं सांगितलं. वजूखान्यातलं, बोटाचं, नऊ वर्षांचं, सगळं. त्यानं ते ऐकलं आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते बघून मला पुन्हा जळायला झालं, कारण ते निव्वळ कुतूहल होतं.

“म्हंजी ती मोठी गोष्ट हुती व्हय?” तो म्हणाला. “मला वाटलं चाचा उठता उठता गुडघ्याला बोलले.”

भगवानरावांकडं सोमनाथ सोबत आला, पण बोलायला मला एकट्यालाच लावलं. ते बोलू देईनात, मी बोलेपर्यंत तेच बोलले. त्यात सोवळं होतं, भिजलेले तांदूळ होते, कारखान्यात असतो तर मला कुठल्या चरकात घातलं असतं तेही होतं. शेवटी दम लागल्यावर म्हणाले, “पूजा सोमवारी. तवर पाणी पाहिजे. अन् ती मेंढी टोपी घालून माझ्या घरात कावून आलीय?”

नवा एल्बो मी शुक्रवारी सकाळीच, मेंढरं निघायच्या आधी, बसवायचा असं ठरलं. अब्बांची अट, पाना घरी. सोमनाथ मागं उभा राहिला. मी टेप गुंडाळला, आट्यांचा तुकडा हातानं फिरवला. बसला. दोन आटे बाहेर राहिले. माझा उजवा खांदा आपोआप खाली जायला लागला.

“बस,” सोमनाथ म्हणाला.

“थोडंसं?”

“बस म्हणलं ना. हात काढ.”

मी हात काढून खिशात घातला. कॉक सोडला. टाकी पुरी भरलेली होती. अब्बांनी खिशातून पुडी काढली, जोडाकडं बघितलं, आपल्या गुडघ्यांकडं बघितलं आणि पुडी सोमनाथच्या हातात दिली.

“तू बघ. हे तुझ्या मालाचं काम हाय.”

मी नऊ वर्षं त्या पुडीला हात लावलेला नाही.

सोमनाथनं चिमूट टाकली. खाली बसला. उज्ज्वलावहिनीनं चहा आणला, त्यानं बशीत ओतला. मला वाटलं होतं तो घाई करेल. पण तो धनगर. बसणं त्याच्या रक्तात. अब्बांपेक्षा हळू प्यायला. मधे बशी खाली ठेवून आभाळाकडं बघितलं. मग दुसरा कप मागितला. तेवढा वेळ मी मॅडमला कवेत धरून उभा होतो, कारण ती पिठाकडं जायला बघत होती आणि ती टोपी माझ्या नाकात जात होती.

दुसरा कप संपला. सोमनाथ उठला, वाकला, पिठाजवळ डोळा नेला. मग बोट उचललं आणि कोरड्या पिठावरून फिरवलं. अगदी अब्बांसारखं. हे त्याला कुणी शिकवलं?

“जमलं,” तो म्हणाला.

माझे कान गरम झाले. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. ज्याच्यावर जळून मी त्याचा जोड फोडला, त्याच्याच तोंडून मला ते मिळालं, आणि मला ते चाललं! मी मॅडमला आणखी घट्ट धरलं. ती बें करून ओरडली.

“ए, सोड तिला, जीव जाईल तिचा,” सोमनाथ म्हणाला. त्यानं तिच्या डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. मग बाहेर तोंड काढून मेंढरं घेऊन थांबलेल्या बापाला हाक मारली, “आबा, तुमी व्हा पुढं! माजं काम हाय हितं!”

अब्बा उंबऱ्यावर बसून सगळं बघत होते. ते सोमनाथला म्हणाले, “असं लगीच म्हणायचं नसतं.”

“चुकलं, चाचा.”

“पुढच्या टायमाला ध्यानात ठेव.”

सोमनाथनं पुडीचं तोंड दुमडलं आणि ती आपल्या सदऱ्याच्या खिशात घातली. डाव्या, अब्बा ठेवतात तिथंच. अब्बांनी ती परत मागितली नाही. मी बघत होतो. घरी पोचेपर्यंत बघत होतो.